पैशाचे वर्ष एप्रिलमध्ये, शाळेचे जूनअखेर

आमच्या संस्थेच्या पहिल्या अनुदानित प्रकल्पाचे २४० टॅब २७ मार्चच्या दुपारी टेम्पोतून उतरले. त्या दिवशी आम्हां सर्वांना झालेला आनंद आज आठवला की मला थोडे ओशाळल्यासारखे होते. यवतमाळ जिल्ह्यातील घाटंजी आणि केळापूर या तालुक्यांतल्या १२ जिल्हा परिषद शाळांसाठी ते टॅब होते. देणगीदार कंपनीला ३१ मार्चपूर्वी बिल, पोहोचपावत्या आणि छायाचित्रे हवी होती, म्हणून आम्ही चार दिवसांत सगळ्या शाळांत खोकी पोहोचवली, मुलांच्या हातांत टॅब देऊन छायाचित्रे काढली आणि टॅब पुन्हा खोक्यांत भरून ठेवले. शाळा तोवर सकाळच्या सत्रात भरू लागल्या होत्या, एप्रिलमध्ये परीक्षा होत्या आणि पाठोपाठ उन्हाळ्याची सुट्टी. उर्वरित महाराष्ट्रात जूनच्या मध्यावर शाळा उघडतात, विदर्भात उन्हामुळे त्या जूनच्या अखेरीकडे सरकतात. मार्चअखेर आलेली वस्तू मुलांच्या हाती खऱ्या अर्थाने जुलैतच पडणार होती. हे आमच्या ध्यानात आले नव्हते असे म्हणणे खोटे ठरेल. ध्यानात आले होते, पण मिळालेले अनुदान हातचे जाऊ नये यापलीकडे आम्ही काही पाहत नव्हतो.

जुलैत खोकी उघडली तेव्हा ११ टॅबच्या पाठी फुगून पडद्यापासून सुटल्या होत्या. छायाचित्रांत पडदे उजळलेले दिसावेत म्हणून आम्ही ते पूर्ण चार्ज केले होते आणि तसेच टिनाच्या छपराखालच्या बंद खोलीत, लोखंडी कपाटात ठेवले होते. लिथियम बॅटरीला उष्णता आणि पूर्ण चार्ज या दोन गोष्टी एकत्र सोसत नाहीत. दीर्घकाळ ठेवायची असेल तर ती निम्मी भरून थंड जागी ठेवावी, हे आता आमच्या कार्यालयातील प्रत्येकाला पाठ आहे. आमच्याकडे मे महिन्यात सावलीतला पारादेखील ४५ अंशांच्या आसपास जातो, तेव्हा टिनाखालच्या कपाटाची कल्पना वाचकांनीच करावी. टॅबची वॉरंटी बिलाच्या तारखेपासून एक वर्षाची होती आणि तिचे तीन महिने कपाटातच गेले. बॅटरीची वॉरंटी सहाच महिन्यांची आहे, हे आम्ही तेव्हा पहिल्यांदा वाचले.

हा अपघात एका कंपनीच्या हेकेखोरपणामुळे घडला असे मला वाटत नाही. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार ज्या कंपनीची निव्वळ मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपयांहून कमी नाही, तिला आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे किमान २ टक्के सामाजिक कामावर (यालाच सीएसआर म्हणतात) खर्च करावे लागतात, आणि या खर्चाचा हिशेब १ एप्रिल ते ३१ मार्च या वर्षात मांडला जातो. कंपन्यांच्या समित्या प्रस्ताव मंजूर करीत करीत डिसेंबर-जानेवारी उजाडते, करारावर सह्या होईपर्यंत फेब्रुवारी सरतो, आणि पहिला हप्ता आमच्या खात्यात येतो तेव्हा मार्च एंड दारात उभा असतो. दिलेला पैसा ठरलेल्या कामावरच वापरला गेला, असे कंपनीच्या वित्त अधिकाऱ्याला प्रमाणित करावे लागते. मार्चमध्ये तीन आठवड्यांत खर्च होऊ शकेल आणि ज्याचे पक्के बिल मिळेल अशी गोष्ट म्हणजे वस्तू. शिक्षकांचे प्रशिक्षण तीन आठवड्यांत होत नाही, गावातील तरुणीला वर्षभराचे मानधन आगाऊ देता येत नाही, टॅब मात्र एका दिवसात विकत घेता येतो.

यावर कायद्यातच एक वाट आहे आणि ती आम्हांला दुसऱ्या वर्षी एका सनदी लेखापालांनी दाखवली. २०२१ च्या दुरुस्तीनंतर कंपनीला एखादा प्रकल्प ‘चालू प्रकल्प’ म्हणून जाहीर करता येतो. त्याची मुदत सुरुवातीचे आर्थिक वर्ष सोडून आणखी तीन वर्षांपर्यंत असू शकते, आणि वर्षअखेर न खर्चलेली रक्कम कंपनीने ३० दिवसांच्या आत एका स्वतंत्र बँक खात्यात वर्ग केली की ती त्याच प्रकल्पासाठी पुढे वापरता येते. थोडक्यात, मार्चमध्ये घाई करण्याची कायद्याची सक्ती नव्हती. सक्ती सवयीची होती, कंपनीच्याही आणि आमच्याही. दुसऱ्या प्रस्तावाच्या पहिल्याच पानावर मी ‘हा चालू प्रकल्प म्हणून मंजूर व्हावा’ असे लिहिले, आणि आश्चर्य म्हणजे त्याला कोणी हरकत घेतली नाही.

हे सगळे सुरू होण्यापूर्वी कागदपत्रांचा जो काळ गेला त्याविषयी थोडक्यात सांगतो, कारण नव्या संस्था तेथेच अडतात. आमची संस्था १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदलेली आहे. आयकर सवलतीसाठीच्या १२ए आणि ८०जी या नोंदण्या, तीन वर्षांची लेखापरीक्षणे आणि कंपनी मंत्रालयाकडील सीएसआर-१ नोंदणी, एवढे असल्याशिवाय कंपनी दारात उभे करत नाही. आमच्याकडे सर्व होते, मात्र विश्वस्त मंडळातील बदलाची नोंद नव्हती. कार्यकारिणी बदलली की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज दाखल करायचा असतो. आमचा अर्ज दाखल होता, पण निकाली निघालेला नव्हता, आणि म्हणून बँकेच्या नोंदीत अद्याप जुन्या सचिवांची सही चालू होती. ते जुने सचिव पुण्याला मुलाकडे राहायला गेलेले. पहिल्या हप्त्यातील पहिला धनादेश त्यांच्या सहीसाठी कुरिअरने पुण्याला जाऊन आला.

प्रस्ताव लिहिताना केलेल्या चुकांपैकी सर्वांत महागडी चूक साध्या बेरजेची होती. विक्रेत्याने दूरध्वनीवर सांगितलेला दर मी अंदाजपत्रकात लिहिला आणि त्यावरचा १८ टक्के वस्तू व सेवा कर विसरलो. व्यापारी हा कर पुढे वळता करून घेतो, आमच्यासारख्या संस्थेला तो पदरचाच भरावा लागतो. मंजूर रकमेत २४० टॅब बसवण्यासाठी आम्ही प्रशिक्षणाचे दोन दिवस कमी केले, दुरुस्तीची तरतूद काढून टाकली आणि टॅबला घालायची जाड रबरी आवरणे पुढच्या वर्षावर ढकलली. आवरणांशिवाय फुटलेल्या पडद्यांचा खर्च त्या आवरणांहून जास्त झाला.

मनुष्यबळाच्या तरतुदीवरून मात्र मी भांडलो, आणि त्याचे मला समाधान आहे. ‘कायद्याने प्रशासकीय खर्च ५ टक्क्यांच्या वर जाता कामा नये, तेव्हा मानधने त्यातच बसवा’ असे आम्हांला सांगण्यात आले होते. नियम वाचल्यावर कळले, की ती ५ टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाच्या सर्वसाधारण प्रशासनाला आहे, आणि एखाद्या विशिष्ट प्रकल्पाची आखणी, अंमलबजावणी, देखरेख व मूल्यमापन यांवर थेट होणारा खर्च तिच्यातून स्पष्टपणे वगळलेला आहे. गावोगावी जाणारे आमचे सहा शिक्षणमित्र म्हणजेच प्रकल्पाची अंमलबजावणी होय. हे मी नियमाच्या शब्दांसह पत्राने कळवले, तेव्हा मानधनाची तरतूद मान्य झाली. अनुदान मागणाऱ्या संस्थेने नियम मुळातून वाचावेत, देणगीदाराच्या प्रतिनिधीने ते वाचलेलेच असतात असे गृहीत धरू नये.

तंत्रज्ञानाची निवड हा या प्रकल्पाचा त्या मानाने सोपा भाग होता. आमच्या १२ पैकी ७ शाळांत मोबाइलची रेंज धड नाही, त्यामुळे इंटरनेटवर चालणारे कोणतेही ॲप बाद झाले. आम्ही कोलिब्री हे मोफत, मुक्त स्रोत सॉफ्टवेअर घेतले. ते रास्पबेरी पाय नावाच्या तळहाताएवढ्या संगणकावर ठेवले की वर्गातल्या वर्गात वायफाय तयार होते आणि टॅब त्याला जोडले जातात. कोणते मूल कोणत्या पाठावर आहे हे शिक्षकाला त्याच्या पडद्यावर दिसते. वीज अचानक गेली की या छोट्या संगणकातले मेमरी कार्ड बिघडते, म्हणून तो आम्ही पॉवर बँकेवर चालवतो आणि प्रत्येक केंद्रावर तयार केलेले एक जादा कार्ड ठेवतो. एवढ्याने बहुतेक तक्रारी मिटल्या.

विजेचा प्रश्न निराळा होता. ‘शाळेत लाईन नाही जी’ हे वाक्य मी पहिल्या भेटीत चार मुख्याध्यापकांकडून ऐकले. गावात वीज होती, शाळेचे मीटर मात्र थकबाकीपोटी कापलेले होते. ५००० मिलिअँपिअर-तासांच्या एका टॅबमध्ये सुमारे १९ वॅट-तास ऊर्जा मावते. २० टॅब पूर्ण चार्ज करायला गळती धरूनही अर्ध्या युनिटच्या आसपासच वीज लागते. एवढ्या विजेचा भार शाळेला पेलणार नाही असे नव्हते. बिलात दरमहा येणारा स्थिर आकार, त्यावरचे व्याज आणि जुनी थकबाकी हे खरे ओझे होते. समग्र शिक्षा योजनेत ३० पटापर्यंतच्या शाळेला वर्षाकाठी १०,००० आणि ३१ ते १०० पटाच्या शाळेला २५,००० रुपये संयुक्त शाळा अनुदान मिळते, आणि त्यातच खडू, स्वच्छता, किरकोळ दुरुस्ती आणि वीज हे सारे भागवायचे असते. आम्ही दोन शाळांत सौर पॅनेल बसवले, एका गावात ग्रामपंचायतीने थकबाकी भरली, आणि एका पोडावर, म्हणजे कोलाम वस्तीवर, आजही शिक्षणमित्र टॅबची पेटी दुचाकीवर बांधून रात्री घरी चार्ज करायला नेतो. अहवालात ही दुचाकी ‘प्रवास खर्च’ या शीर्षात दिसते.

आता कपाटाच्या किल्लीविषयी लिहितो, कारण प्रकल्प तिथेच अडला होता. ऑगस्टमध्ये पाहणीला गेलो तेव्हा १२ पैकी ८ शाळांत टॅब कपाटात कुलूपबंद होते. आम्ही शिक्षकांच्या अनास्थेवर मनातल्या मनात बरेच तोंडसुख घेतले. मग एका ज्येष्ठ मुख्याध्यापिकेने मला चहा पाजून शांतपणे विचारले, ‘सर, हा टॅब माझ्या डेडस्टॉक रजिस्टरला, म्हणजे शाळेच्या सामानाच्या नोंदवहीला, चढला आहे. एखादा फुटला, हरवला, तर बदलीच्या वेळी कार्यभार सोपवताना तो माझ्या नावावर निघेल. मी दोन वर्षांनी निवृत्त होणार. माझी पेन्शन एका टॅबसाठी अडकली तर तुम्ही येणार आहात का?’ माझ्याजवळ उत्तर नव्हते. त्या बाईंच्या ठिकाणी मी असतो तर मीही कुलूपच लावले असते.

त्यानंतरचे दोन महिने आम्ही शिकवण्याचे काही केले नाही. प्रत्येक शाळेच्या व्यवस्थापन समितीची सभा घेतली. शिक्षण हक्क कायद्यानुसार या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, त्यामुळे ठराव गावाचाच ठरतो. करारानुसार टॅबची मालकी संस्थेकडे ठेवली, आणि शाळेने ते वापरासाठी घेतल्याची वेगळी नोंदवही केली. वापरताना होणारी मोडतोड कोणाही शिक्षकाकडून वा मुलाकडून वसूल केली जाणार नाही, असा समितीचा ठराव झाला, आणि त्याची प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे दिली. दर २० टॅबमागे एक टॅब वर्षाला निकामी होणारच असे गृहीत धरून पुढच्या अंदाजपत्रकात बदली टॅबची तरतूद केली. दिवाळीनंतर आठही कपाटे उघडली. खरेदी आणि प्रशिक्षण यांवर आम्ही खर्च केलेल्या पैशांपेक्षा त्या एका पानाच्या ठरावाने जास्त काम केले, हे देणगीदाराला समजावून सांगताना मात्र माझी दमछाक झाली, कारण ठरावाचे बिल नसते.

टॅब उघडल्यावर कळले, की आमच्या दोन पोडांवरच्या शाळांतील मुलांना त्यातला आवाज परका आहे. कोलाम ही महाराष्ट्रातील तीन विशेष असुरक्षित आदिम जमातींपैकी एक. कोलामी ही द्राविड कुळातील भाषा, तिचा मराठीशी घरोबा नाही. पहिलीतले मूल पुस्तकी मराठी बोलणाऱ्या पडद्यासमोर बसले की चित्रे पाहते आणि गप्प राहते. आम्ही स्टोरीवीव्हर या मुलांच्या गोष्टींच्या संकेतस्थळावरच्या मुक्त परवान्याच्या काही चित्रकथा घेतल्या, कारण त्या परवान्यात श्रेय देऊन भाषांतर करण्याची मुभा असते. पोडावरच्या एका आजीने आणि अंगणवाडीच्या मदतनीस ताईंनी त्या कोलामीत सांगितल्या आणि आम्ही मोबाइलवर ध्वनिमुद्रित केल्या. मागे कोंबडा आरवतो, एका कथेत बकरीही ओरडते. मुले तीच कथा पुन्हा पुन्हा लावतात. या कामासाठी अंदाजपत्रकात शीर्षच नव्हते. आजींना दिलेले मानधन कोठे दाखवावे यावर लेखापालांशी अर्धा तास चर्चा झाली, आणि ५००० रुपयांच्या आतली रक्कम असल्याने पावतीवर रेव्हेन्यू स्टॅम्पची गरज नाही, एवढ्यावर आम्हा दोघांचे तत्काळ एकमत झाले.

मोजमापातही वेळापत्रकच आडवे आले. मुलांचे वाचन अक्षर, शब्द, परिच्छेद आणि गोष्ट या पातळ्यांवर तपासायचे, ही ‘असर’ या मुलांच्या वाचन-गणिताच्या देशव्यापी पाहणीतील चाचणीमुळे सर्वांच्या परिचयाची पद्धत आम्ही घेतली. कराराप्रमाणे प्रत्येक तिमाहीच्या अखेरीस, म्हणजे जून, सप्टेंबर, डिसेंबर आणि मार्चमध्ये, निकाल द्यायचे होते. जूनअखेर शाळा नुकती उघडलेली असते. सप्टेंबरमध्ये पोळा आणि गणपती आटोपून मुले जेमतेम स्थिरावतात, ऑक्टोबरात सोयाबीन काढणीला येते, आणि दिवाळीनंतर कापसाच्या वेचणीत घरातला प्रत्येक हात लागतो. मोठी बहीण वेचायला जाते, तिसरीतला भाऊ धाकट्याला सांभाळायला घरी राहतो. आमचा डिसेंबरचा निकाल सप्टेंबरच्या निकालापेक्षा वाईट आला, कारण चाचणीच्या दिवशी जी मुले हजर होती ती वेगळी होती. कंपनीच्या प्रतिनिधीने विचारले, ‘टॅब वापरून मुले मागे कशी गेली?’ मुले मागे गेली नव्हती, ती शेतात गेली होती. दुसऱ्या वर्षापासून आम्ही तीनच चाचण्या ठेवल्या. पहिली जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात, दुसरी जानेवारीत वेचणीचा जोर ओसरल्यावर, आणि तिसरी मार्चच्या सुरुवातीला, मोहफुले पडू लागण्यापूर्वी. दोन चाचण्यांची तुलना करताना दोन्ही वेळा हजर असलेल्या मुलांचेच गुण धरायचे, हेही लिहून ठेवले. आकडे लहान झाले, पण त्यांवर माझा विश्वास बसू लागला.

टॅबमुळे नेमके काय साधले, असे मला विचारले जाते. आमच्या बहुतेक शाळा दोन शिक्षकी आहेत, एका खोलीत दोन-तीन इयत्ता बसतात. बाई पहिलीला अक्षरे गिरवून घेत असताना तिसरी-चौथीला पूर्वी फळ्यावरचे उतरवून घेण्याखेरीज काम नसे. आता ती मुले अर्धा तास आपापल्या पातळीचे गणित सोडवतात आणि बाई पहिलीकडे निवांत पाहू शकतात. एवढेच आहे, आणि मला ते पुरेसे वाटते. पेरू देशात हजारो मुलांना लॅपटॉप वाटल्यानंतर २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात गणित आणि भाषेच्या गुणांत वाढ आढळली नव्हती. उलट, दिल्लीत शाळेनंतरच्या केंद्रांत प्रत्येक मुलाच्या पातळीनुसार सराव देणाऱ्या सॉफ्टवेअरने साडेचार महिन्यांत ठळक फरक दाखवला होता. हे दोन्ही अभ्यास मी पहिल्या प्रस्तावात उद्धृत केले होते, आणि तरीही खरेदीची यादी आधी आणि वर्गाचे वेळापत्रक शेवटी लिहिले होते.

पैशाच्या हप्त्यांविषयी एक गोष्ट राहिली. दुसरा हप्ता उपयोगिता प्रमाणपत्रावर अवलंबून, प्रमाणपत्र लेखापरीक्षणावर, आणि लेखापरीक्षण एप्रिल-मे नंतर. परिणामी पहिल्या वर्षी जून ते ऑगस्ट, म्हणजे शाळा सुरू होऊन खरी गरज असताना, शिक्षणमित्रांचे मानधन थकले. दोघांनी काम सोडले, त्यांपैकी एक आमच्यातली सर्वांत चांगली होती आणि ती आता वणीच्या एका दुकानात हिशेब लिहिते. नव्या करारात आम्ही पहिला हप्ता १५ महिन्यांच्या मानधनाएवढा मागितला आहे आणि वस्तूंची खरेदी दुसऱ्या हप्त्यावर ढकलली आहे.

यंदा एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात प्रत्येक शाळेतले टॅब निम्मे चार्ज करून, मोजून, सही घेऊन परत आणायचे आहेत आणि संस्थेच्या जुन्या मातीच्या भिंतींच्या खोलीत ठेवायचे आहेत, जी दुपारीही गार असते. तिसऱ्या वर्षाच्या प्रस्तावात मी प्रारंभाची तारीख १ जुलै लिहिली होती. देणगीदाराकडून तो काल तपासून परत आला, बाकी सर्व मान्य आहे, तारीख तेवढी १ एप्रिल करून पाठवली आहे. ती पुन्हा १ जुलै करून, सोबत शाळेचे वेळापत्रक आणि फुगलेल्या टॅबचे एक छायाचित्र जोडून, मी प्रस्ताव आज संध्याकाळी पाठवणार आहे.